बँक.इन झाले, आता बाकीच्या पत्त्यांनाही शिस्त लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रिझर्व्ह बँकेने 22 एप्रिल 2025 रोजी परिपत्रक काढून देशातील बँकांना, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक.इन’मध्ये हलवायला सांगितले. 1908 मध्ये सयाजीराव महाराजांनी आमच्या बडोद्यात सुरू केलेली बँक ऑफ बडोदाही आता याच पत्त्यावर आहे. देशाच्या डोमेन नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, रचना कशी असावी, याचा एक साधा नियम या बदलात आहे. तोच नियम ‘.इन’खालच्या बाकीच्या विभागांना, म्हणजे ‘को.इन’, ‘ऑर्ग.इन’ अशा पत्त्यांच्या शेवटांना, लावायची हीच वेळ आहे, म्हणून हे पत्र.

‘बँक.इन’मध्ये नाव फक्त बँकेला मिळते आणि ते देणारी संस्था एकच आहे, रिझर्व्ह बँकेने स्थापलेली हैदराबादची आयडीआरबीटी. त्यामुळे ग्राहकाला एका वाक्यात सांगता येते: पत्त्याच्या शेवटी बँक.इन नसेल तर तिथे पासवर्ड टाकू नका. हे वाक्य खरे ठरते ते दारावर तपासणी होते म्हणून. शिक्षणसंस्थांच्या ‘एसी.इन’चे तसेच आहे. तिथली नावे अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था कागदपत्रे पाहून देते. सरकारी ‘गव्ह.इन’ची नावे एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, देते. याउलट नुसते ‘.इन’ सगळ्यांना खुले आहे. दुकानदार, विद्यार्थी, कवी, कोणीही पैसे भरून नाव घ्यावे. तेही योग्यच आहे, कारण नुसते ‘.इन’ वाचून कोणी काही गृहीत धरत नाही.

घोटाळा मधल्या नावांचा आहे. ‘को.इन’ वाचले की कंपनी वाटते, पण कंपनी नोंदणीचा दाखला कोणी मागत नाही. ‘ऑर्ग.इन’ वाचले की संस्था किंवा न्यास वाटतो, पण नोंदणी क्रमांक कोणी विचारत नाही. पोलिसाचा गणवेश दुकानात कोणालाही विकत मिळावा, तसे हे आहे. पूर्ण खुला विभाग आणि पूर्ण तपासलेला विभाग, असे दोनच प्रकार असावेत. दिसायला तपासलेला आणि प्रत्यक्षात खुला, हा तिसरा प्रकार देशाने ठेवूच नये.

हा तिसरा प्रकार आला कसा, हे इतिहासात दिसते. ‘.इन’ हे नाव 1989 मध्ये भारताच्या वाट्याला आले. सुरुवातीची पंधरा वर्षे नियम इतके कडक होते की 2004 अखेरपर्यंत सारी मिळून सुमारे 7,000 नावे नोंदली गेली. जानेवारी 2005 मध्ये धोरण बदलले, कारभार निक्सी या ‘.इन’ची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेला आणि थेट ‘.इन’खाली नाव घेण्याची मुभा मिळाली. आज ही संख्या 40 लाखांच्या पुढे आहे. दार उघडणे बरोबरच होते. फक्त त्याच वेळी को, नेट, ऑर्ग, फर्म, जेन, इंड ही जुन्या धाटणीची नावेही खुली झाली. पाटी राहिली, पाटीमागची अट उरली नाही.

जपानने असे केले नाही. तिथे ‘को.जेपी’ फक्त जपानमध्ये नोंदलेल्या कंपनीला मिळते आणि एका कंपनीला एकच. बाकीच्यांसाठी 2001 पासून थेट ‘.जेपी’ खुले आहे. खुले आणि तपासलेले शेजारी शेजारी नांदतात आणि जपानी ग्राहक ‘को.जेपी’कडे आजही वेगळ्या विश्वासाने पाहतो. ऑस्ट्रेलियात ‘कॉम.एयू’साठी त्या देशाशी संबंध आणि व्यवसायाची नोंद दाखवावी लागते. जर्मनीने उपविभागच ठेवले नाहीत. सगळे थेट ‘.डीई’खाली, आणि तेही स्वच्छ आहे, कारण तिथे कोणतीही पाटी खोटे बोलत नाही.

आता सरकारी नावांकडे येऊ, कारण नागरिकाचे रोजचे काम तिथेच पडते. गुजरातच्या चार मोठ्या महापालिका घ्या. बडोद्याचा पत्ता व्हीएमसी.गव्ह.इन, राजकोटचा आरएमसी.गव्ह.इन, सुरतचा सुरतम्युनिसिपल.गव्ह.इन आणि अहमदाबादचा अहमदाबादसिटी.गव्ह.इन. एक राज्य, एकाच प्रकारच्या चार संस्था आणि नाव ठेवायच्या तीन तऱ्हा. व्हीएमसी ही आद्याक्षरे विजयवाड्याचीही आहेत. आरएमसी रांचीही असू शकते आणि रायपूरही. पुण्याने पीएमसी.गव्ह.इन घेतले आहे. पाटण्याचा पत्ता मात्र पीएमसी.बिहार.गव्ह.इन असा आहे. एनएमसी.गव्ह.इन नाशिक महापालिकेचा आहे, म्हणून नागपूरला एनएमसीनागपूर.गव्ह.इन घ्यावे लागले. आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, ज्याची आद्याक्षरेही एनएमसीच, तो एनएमसी.ऑर्ग.इनवर आहे. डॉक्टरांची नोंदणी ज्याच्या अखत्यारीत येते, त्या वैधानिक आयोगाचा पत्ता तपासणी नसलेल्या विभागात आहे. यात कोणा एका कार्यालयाचा दोष नाही. ‘गव्ह.इन’खाली सगळ्या देशाची आद्याक्षरे एकाच पातळीवर, आधी येईल त्याला, अशी वाटली तर दुसरे काय होणार?

मालमत्ता कर भरणारा माणूस पत्ता पाठ करत नाही, तो अंदाजाने शोधतो. अंदाज चुकला की शोधयंत्राच्या पहिल्या पानावरच्या जाहिरातीवर बोट पडते. म्हणून सरकारी नाव असे हवे की नियम माहीत असेल तर पत्ता आपोआप माहीत असावा: शहर.राज्य.गव्ह.इन. वडोदरा.गुजरात.गव्ह.इन. रोमन लिपीत ठिपके धरून ही 23 अक्षरे होतात. तांत्रिक मर्यादा एका भागाला 63 आणि संपूर्ण नावाला 253 अक्षरांची आहे, तेव्हा जागेची अडचण नाही. पाटण्यासारखे राज्याच्या नावाखाली राहणे आजही चालते. इंदूर महापालिकाही एमपी.गव्ह.इनखालीच आहे. उरते ते आद्याक्षरांऐवजी शहराचे पूर्ण नाव घेणे. फलकावर छापायला छोटे नाव हवे असेल तर जुने व्हीएमसी.गव्ह.इन खुशाल ठेवावे, पण त्याने फक्त मुख्य पत्त्याकडे पाठवावे.

इथे एक जुना आक्षेप येईल: अशी उतरंड अमेरिकेत फसली. खरे आहे, आणि ती का फसली हे समजून घेण्यासारखे आहे. 1993 च्या आरएफसी 1480 या इंटरनेटविषयीच्या तांत्रिक दस्तऐवजात ‘.यूएस’साठी शहर.राज्य.यूएस अशी भौगोलिक रचना लिहिली गेली. प्रत्येक शहराचे नाव सांभाळायचे काम स्थानिक पातळीवर कोणाकोणाला दिले गेले: कुठे विद्यापीठ, कुठे छोटी कंपनी, कुठे एखादा स्वयंसेवक. काही वर्षांनी यातले कित्येक संपर्काबाहेर गेले, त्यांचे सर्व्हर बंद पडले आणि त्यांच्याखालची नावे लटकली. त्यातच नावे लांबलचक, त्यामुळे व्यवसाय ‘.कॉम’कडे गेले. शेवटी 2002 मध्ये थेट ‘.यूएस’खाली नोंदणी खुली करावी लागली. कॅनडातही शहर.प्रांत.सीए अशी पद्धत होती. तिथे तसली नवी नावे देणे 2010 मध्ये थांबले.

यातून आम्ही काढलेला निष्कर्ष वेगळा आहे. नावाची उतरंड आणि सर्व्हरची उतरंड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पत्ता वडोदरा.गुजरात.गव्ह.इन असला म्हणजे त्याचा नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचे यंत्र शोधून देणारा सर्व्हर, महापालिकेच्या तळमजल्यावरच असला पाहिजे असे नाही. राज्याच्या सगळ्या महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या नोंदी राज्य पातळीवर एकाच झोनमध्ये, म्हणजे नावांच्या एकाच नोंदवहीत, ठेवता येतात. नेमसर्व्हर किमान चार असावेत, वेगवेगळ्या शहरांत आणि वेगवेगळ्या पुरवठादारांच्या जाळ्यांवर. नगरपालिकेने फक्त आपली नोंद बदलण्याची विनंती करायची. बदल दोन अधिकाऱ्यांच्या मंजुरीने व्हावा. उतरंड व्यवसायांवर लादायची नाही, ती फक्त शासनासाठी. अमेरिकेने ती सगळ्यांवर लादली आणि सांभाळायला कोणी ठेवले नाही, तिथे चूक झाली.

प्रमाणपत्रांचा एक बारकावा निविदा काढणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावा. टीएलएस प्रमाणपत्रावरून ब्राउझर संकेतस्थळाची ओळख पटवतो. एका नावाखालच्या सगळ्या नावांसाठी घेतलेले ‘तारांकित’ प्रमाणपत्र एकाच पातळीला चालते. गुजरात.गव्ह.इनसाठी घेतलेले असे प्रमाणपत्र वडोदरा.गुजरात.गव्ह.इनला लागू पडेल, पण कर.वडोदरा.गुजरात.गव्ह.इन उघडले की ब्राउझर लाल इशारा दाखवेल. आणि असा इशारा दिसला की कर्मचारी नागरिकाला ‘पुढे जा’ दाबायला सांगतात. ही सवय एकदा लागली की फसवणूक करणाऱ्याचे निम्मे काम झालेच. तेव्हा महापालिकेच्या खात्यांसाठी आणखी एक पातळी करू नये. करभरणा, जन्मदाखला, पाणीपट्टी हे पत्त्यातल्या तिरक्या रेघेनंतर (/) यावेत. नाहीतर प्रत्येक नावाला स्वतंत्र, आपोआप नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र हवे.

निक्सीने अलीकडच्या काळात ‘.इन’खाली बरेच नवे विभाग जोडले आहेत: एआय.इन, आयओ.इन, 5जी.इन, 6जी.इन, डीआर.इन, सीए.इन, यूके.इन, यूएस.इन, सीएन.इन, दिल्ली.इन, बिहार.इन, गुजरात.इन. यात तंत्रज्ञानाच्या पिढ्या आहेत, व्यवसाय आहेत, राज्ये आहेत आणि दुसऱ्या देशांचे संकेतही आहेत. रचनेच्या दृष्टीने ही यादी आम्हाला अस्वस्थ करते. गुजरात.इन आणि गुजरात.गव्ह.इन यांतला फरक सामान्य नागरिकाने कसा ओळखायचा? डीआर.इन वाचून कोणालाही वाटेल की हा नोंदणीकृत डॉक्टर आहे. तेव्हा एक तर वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीशी ताळा घेऊनच ते नाव द्यावे, नाहीतर तो विभाग बंद करावा. सीए.इनचेही तेच, सनदी लेखापालांच्या संस्थेकडे सदस्यांची यादी तयारच आहे. राज्यांची नावे तर राज्य शासनांकडेच असावीत.

ब्राझीलमध्ये शंभरावर विभाग आहेत, वकिलांना वेगळा, अभियंत्यांना वेगळा, आणि नाव घ्यायला तिथला करदाता क्रमांक लागतोच. तरी लोकांच्या तोंडी ‘कॉम.बीआर’च असते. माणसाला आठ-दहाहून जास्त शेवट लक्षात राहत नाहीत. भारताने तपासलेले विभाग तेवढेच ठेवावेत: गव्ह, मिल (सैन्यदले), एसी, एज्यु (शिक्षण), रेस (संशोधन), बँक, वित्तसंस्थांसाठी ठरलेले फिन, एक वैद्यकीय आणि एक सहकारी.

सहकारी विभागाचा आग्रह मुद्दाम धरतो. गुजरात-महाराष्ट्रात पतपेढ्या आणि पतसंस्था गल्लोगल्ली आहेत. त्या सहकार कायद्याखाली नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेचा परवाना त्यांना नसतो, म्हणून ‘बँक.इन’ त्यांना मिळणार नाही, आणि मिळूही नये. पण मग त्या राहणार कुठे? खुल्या ‘.इन’वर, ठेवीदाराला फसवायला निघालेल्याच्या शेजारी. ‘कोऑप.इन’ हा विभाग अस्तित्वात आहेच. सहकार निबंधकांचा नोंदणी क्रमांक सक्तीचा करा, बहुराज्यीय संस्थांसाठी केंद्रीय निबंधकांचा, आणि संस्था अवसायनात गेली की त्याच दिवशी नाव गोठवा. जागतिक पातळीवरचा ‘.कोऑप’ सुरुवातीपासून असाच फक्त सहकारी संस्थांना दिला जातो.

तपासलेला विभाग चालवणे म्हणजे पहिल्या दिवशी कागद पाहून मोकळे होणे नव्हे. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी परवाना चालू आहे का, हे मूळ नोंदवहीतून पुन्हा पाहावे. डीएनएसएसईसी, म्हणजे नावे शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेच्या उत्तरांवर डिजिटल सही, सक्तीचे असावे. ब्राझीलने बँकांच्या आणि न्यायालयांच्या विभागांत ते तसे केले आहे. संपूर्ण विभाग ब्राउझरच्या ‘फक्त एचटीटीपीएस’, म्हणजे फक्त सुरक्षित जोडणीने उघडायच्या नावांच्या, यादीत घालावा. विभागाच्या मुळाशी डीएमएआरसीची, म्हणजे बनावट ईमेलचे काय करायचे हे सांगणारी, नोंद ठेवावी: 2021 च्या आरएफसी 9091 मध्ये ‘एनपी’ नावाची खूण त्यासाठीच दिली आहे. तिचा उपयोग असा की जे नाव कोणी नोंदलेलेच नाही, अशा बनावट नावावरून आलेली ईमेल थेट नाकारता येते. आज ‘केवायसीअपडेट’ असे काहीतरी नाव विभागाच्या आधी जोडून पत्र पाठवणाऱ्याला ते नाव विकतही घ्यावे लागत नाही.

आणखी एक बाब सहसा विसरली जाते. नवा विभाग सुरू झाला की त्याची नोंद मोझिलाच्या पुढाकाराने सांभाळल्या जाणाऱ्या पब्लिक सफिक्स यादीत व्हायला हवी. ब्राउझर त्या यादीवरून ठरवतो की कुठपर्यंतचे नाव एका मालकाचे आहे. नोंद नसेल तर एका संस्थेचे संकेतस्थळ संपूर्ण विभागासाठी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणारी छोटी नोंद, ठेवू शकते आणि ती शेजारच्या संस्थेच्या सर्व्हरला जाऊन पोचते. ही यादी ब्राउझरच्या आवृत्तीबरोबर फोनवर पोचते, जुन्या फोनवर महिनोन्‌महिने उशिरा. म्हणून आधी नोंद, काही महिने थांबणे आणि मगच विक्री, हा क्रम पाळला पाहिजे.

डीएनएसएसईसी सक्तीचे म्हटले की जबाबदारीही वाढते. 12 ऑक्टोबर 2009 रोजी स्वीडनच्या ‘.एसई’ झोनमध्ये नावांच्या शेवटचा एक ठिपका सुटला आणि देशभरची संकेतस्थळे दिसेनाशी झाली. चुकलेली उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरांच्या स्मृतीत बसली होती, त्यामुळे दुरुस्तीनंतरही काही काळ त्रास चालू राहिला. 30 जानेवारी 2024 रोजी रशियाची ‘.आरयू’ नावे सह्यांच्या किल्ल्यांच्या गोंधळामुळे बंद पडली. प्रत्येक स्वतंत्र झोन म्हणजे स्वतंत्र किल्ल्या आणि स्वतंत्र वेळापत्रक. तपासलेले विभाग थोडे ठेवा, असे म्हणण्यामागे हेही कारण आहे. झोन प्रसिद्ध करण्याआधी तो तपासणारा कार्यक्रम वेगळ्या यंत्रावर चालावा. नोंदींची संख्या आदल्या दिवसापेक्षा ठरावीक टक्क्यांहून जास्त बदलली तर प्रसिद्धी आपोआप थांबावी. किल्ली बदलताना जुन्या नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती इतर सर्व्हरांनी साठवून ठेवायची मुदत, पूर्ण संपेपर्यंत जुनी किल्ली काढू नये. घाई इथेच नडते.

रचना बदलताना जुन्या नावांचे काय, हा सर्वांत खर्चिक प्रश्न. ब्रिटनने 10 जून 2014 रोजी थेट ‘.यूके’ खुले केले तेव्हा ‘को.यूके’ असलेल्यांचे नाव पाच वर्षे राखून ठेवले. ऑस्ट्रेलियाने 24 मार्च 2022 रोजी थेट ‘.एयू’ खुले केले आणि जुन्या धारकांना सहा महिनेच दिले, ‘कॉम.एयू’ आणि ‘नेट.एयू’ वेगवेगळ्या मालकांचे असतील तर दोघांत तडजोड होईपर्यंत नाव अडकून. आमच्या मते पाच वर्षेच योग्य. ‘को.इन’ला अट लावायची झाली तर आजच्या धारकांना पाच वर्षे द्यावीत. कंपनी असेल त्याने दाखला जोडावा. नसेल त्याला तेच नाव ‘.इन’खाली मोकळे असल्यास विनाशुल्क द्यावे.

बँकांनी आणि सरकारी खात्यांनी सोडलेली जुनी नावे मात्र कधीही बाजारात येऊ नयेत. मुदत संपली की थोडी सवलत, मग सोडवणुकीचे साधारण 30 दिवस आणि त्यानंतर नाव कोणालाही मोकळे. अशा क्षणाची वाट पाहणारे व्यावसायिक आहेत. जुने नाव त्यांच्या हाती गेले की जुन्या चेकबुकवर छापलेला पत्ता, जुन्या एसएमएसमधला दुवा आणि त्या नावाच्या ईमेलवर येणारी पासवर्ड बदलण्याची पत्रे, सगळे त्यांच्याकडे वळते. किमान दहा वर्षे नावाचे शुल्क भरत राहावे, आणि ईमेल घेणे बंद करतानाही नाव सोडू नये. तसेच एखाद्या योजनेचे उपनाव भाड्याच्या क्लाउडकडे वळवले असेल आणि योजना संपल्यावर क्लाउडचे खाते बंद केले, तर डीएनएसमधली नोंदही त्याच दिवशी काढावी. ती तशीच राहिली तर त्या क्लाउडवर तेच नाव मिळवणारा कोणीही अस्सल सरकारी पत्त्याखाली जुगाराचे पान लावू शकतो.

देवनागरी नावांबद्दल थोडे. ‘.भारत’ ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झाले आणि देवनागरीतल्या त्या एकाच नावात हिंदी, कोकणी, नेपाळी यांच्याबरोबर मराठीही येते. सरकार.भारत, विद्या.भारत असे तपासलेले विभागही आहेत. मराठीसाठी काळजी घ्यायची ती अशी. ‘ॲप’ दोन तऱ्हांनी टंकता येते, एका सलग चिन्हाने किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून, डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळी नावे. स्वरावर मात्रा चढवलेले रूप नोंदणीतच नाकारले पाहिजे. ‘दऱ्या’मधला अर्धा ऱ काही जुन्या कळफलकांवर न दिसणारे जोडचिन्ह घालून काढतात, जुन्या नियमांनी चालणारे सॉफ्टवेअर ते गाळते आणि ‘दर्या’ करून टाकते. म्हणून मराठी नावांत स्वतंत्र ‘ऱ’ हेच अक्षर मान्य असावे. आणि आमच्या शहरापुरते सांगायचे तर वडोदरा, बडोदा आणि बडोदे ही तिन्ही रूपे, तसेच गुजराती लिपीतले नाव, एकाच महापालिकेच्या नावे एकत्र राखून ठेवावीत. 1974 पासून अधिकृत नाव वडोदरा असले तरी लोक शोधताना तिन्ही लिहितात.

शेवटी आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे, एक विनंती. सरकारी सूचना आणि बँकांच्या जाहिराती छापताना आखूड केलेले दुवे आणि नुसते क्यूआर कोड स्वीकारू नयेत. कोडच्या खाली पूर्ण पत्ता वाचता येईल अशा आकारात छापायला लावावा. सोबत एक ओळ द्यावी: ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. बँक.इन त्या रेघेला चिकटून असेल तरच ती बँक. बँक-इन.कॉम असेल, किंवा बँक.इननंतर रेघेआधी आणखी एखादे नाव जोडलेले असेल, तर पान बंद करा.

आपले,
डोमेन आणि सर्व्हरची कामे पाहणारे काही वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा